मामा आणि मेंदूचा फोटो

दुखण्याचा फोटो काढला की दुखणं बरं होतं, यावर आमच्या मामाइतकी निष्ठा असलेला माणूस कल्याण-डोंबिवलीच्या खाडीपट्ट्यात दुसरा झाला नाही. देवालाही तो दोन शिव्या घालून मग नमस्कार करायचा, पण एक्स-रेवाल्याच्या दारात चपला काढून हात जोडायचा. मिठागराच्या बांधावरून घसरून गुडघा सुजला, तेव्हा कल्याणला जाऊन त्यानं फोटो काढून घेतला, गोळ्या कंपाउंडरच्याच टेबलावर ठेवल्या आणि लंगडत घरी आला. "दुखना त्या काल्या कागदानं पिऊन घेतला," म्हणाला. गुडघा खरंच बरा झाला. मग काय, गावात कुणी खोकलं की मामा त्याला बखोटीला धरून कल्याणला न्यायला तयार. आमच्या घराण्यात बीएस्सी झालेला मी पहिला. समजवायला गेलो की म्हणायचा, "तू बुकं वाचलीस, मी गुरगा वाकवून दाखवतो." आणि दाखवायचा, तोही भर रस्त्यात. मामी पदर तोंडाला लावून म्हणायची, "उठा आता, मानसं बघतान."

नव्वदच्या दशकातल्या एका भाद्रपदात, खाचरांत पाणी तुंबलेलं असताना, मामीला ताप भरला. मग झटके आले, मग शुद्धच गेली. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, मेंदूचा एमआरआय करू, त्यासाठी मुंबईला न्यावं लागेल. आम्ही सगळे रडवेले. एकटा मामा खुलला. "आख्खा मानूस मावंल एवरी मशीन हाय. ताप ऱ्हातो काय?" नवरा जिवंत असताना जोडवी काढणं आमच्यात अभद्र. पण आत धातू चालत नाही म्हटल्यावर मामीची जोडवी आणि मंगळसूत्र मामानं स्वतः, साबण लावून, हळूहळू काढलं.

बंद दाराआड मशीन घण घातल्यासारखी ठोकत राहिली. नंतर डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मेंदूत खोल, दोन्ही बाजूंना पांढरे डाग होते. "डासांतून येणारा मेंदूज्वर दिसतोय," ते म्हणाले. "बाकीच्या तपासण्यांतून नक्की होईल, पण त्यात डाग याच जागी पडतात."

"दिसला ना?" मामा म्हणाला. "मंग आता उठंल ती."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मलाच बोलावं लागलं. "मामा, आजार कुठला ते कळलं. त्यावर औषध नाही. झटके आवरायचे आणि वाट बघायची."

"एवरी मोठी मशीन, आन औषद नाय?"

"नाही."

त्यानं फिल्मवरच्या पांढऱ्या डागांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "सायेब, परत एक डाव करा. पयल्या डावाला अर्धाच पिला आसंल."

मामी त्याच आठवड्यात गेली.

त्यानंतर मामानं कुणाला कल्याणला नेलं नाही. मी गेलो की ओटीवर शेजारी बसवायचा, भाताच्या, खाडीच्या गप्पा मारायचा आणि मधेच विचारायचा, "तू शिकलेला, खरा सांग. आत एकटीच व्हती. त्या आवाजाला भ्याली आसंल का रं?"

"नाही मामा. तिला शुद्ध नव्हती."

"मंजे नाय भ्याली."

"नाही."

मान हलवायचा, मला चहा टाकायला सांगायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायचा, आणि मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायचो.