पाकिटावरचं पडीक रान

बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या बसस्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर योगीराजचं डिझाइनचं दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर वर कन्नडात, खाली मराठीत नाव, मध्ये गणपती, चार मोबाइल नंबर आणि काही कारण नसताना एक मोर. ही पाटी आपण केलेली नाही, असं योगीराज येईल त्याला आधी सांगतो. ती घरमालकाने हौसेने करून आणली होती, आणि भाडेकरूने मोराबद्दल काय बोलावं?

योगीराजने गुलबर्ग्याला राहून हे काम शिकून घेतलं. येताना तो तिथून एक खूळ घेऊन आला. चित्रात काय ठेवायचं याच्याइतकंच काय सोडायचं तेही महत्त्वाचं असतं, असं त्याला कुणीतरी पटवलं होतं. आता कमलनगरात जागा सोडणं म्हणजे पंगतीत पान रिकामं ठेवण्यासारखं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक वाढदिवसवाला आणि भोवती तीस शुभेच्छुक, त्यातही कुणाचं डोकं कुणाच्या डोक्यापेक्षा लहान झालं तर फ्लेक्स उतरायच्या आत भांडण. गिऱ्हाईक खुर्ची ओढून शेजारी बसायचं आणि म्हणायचं, "जरा उठाव येऊ दे." उठाव येईपर्यंत योगीराजचं काम दहा जणींनी मीठ घातलेल्या भाजीसारखं होऊन जायचं.

त्याने स्वतःची वेबसाइट मात्र मनासारखी केली होती. तिच्यात 'माझी कामं' नावाचं एक पान होतं, आणि तीन वर्षं ते पान कोरं होतं. दुकान रोज चालत होतं, पण ज्याला आपलं म्हणावं असं एकही काम हातून गेलं नव्हतं. हैदराबादचं, पुण्याचं काम हवं तर लोक आधी ते पान बघणार, हे त्याला ठाऊक होतं. एक तरी काम आपण केलं तसंच्या तसं छापलं जावं, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा तशी लहान होती, फक्त ती गिऱ्हाइकांच्या तावडीत होती.

अशात हणमंतराव जिना चढून आले. गावाबाहेर त्यांची तूरडाळीची लहानशी गिरणी. हैदराबादच्या पुतण्याने त्यांच्या कानात भरवलं होतं की आता सुटी डाळ विकायचे दिवस गेले, पाकीट पाहिजे आणि वेबसाइटही पाहिजे. योगीराजचे वडील पिराप्पा पूर्वी मेंढरं राखायचे आणि हणमंतरावांच्या रानात खतासाठी ती बसवायचे. त्यामुळे हे पोरगं आपलंच, असा हणमंतरावांचा हिशेब.

"पाकीट चांगलं कर," ते म्हणाले, "अन् वेबसाइट स्टँडसमोर दिसंल अशी लाव."

"अण्णा, ती फोनमध्ये दिसती."

"मग स्टँडवर उभारलेल्याच्या फोनमध्ये दिसंल की."

हे काही खोडून काढण्यासारखं नव्हतं.

योगीराजने जीव ओतून पाकीट केलं. मातकट कागदी रंग, वर तुरीची एक शेंग, खाली दोन्ही लिप्यांत 'हणमंतरावांची तूरडाळ', आणि त्याखाली अर्धं पाकीट मोकळं. वेबसाइटचं पहिलं पानही तसंच शांत. चित्र पाठवून तो घरी गेला आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवला.

सकाळीच फोन आला. "योगीराज, नेट गेलंय बघ. खालचं अर्धं उतरंना."

"आख्खंच उतरलंय अण्णा. ती जागा मुद्दाम सोडलीया."

"कामून? पाकीट आख्खं अन् अर्धं पडीक?"

मग व्हॉट्सॲपवर हणमंतरावांचा आवाज येऊ लागला. प्रत्येक निरोपाची सुरुवात "योगीराज, जेवलास का?" अशी व्हायची आणि शेवटी एक फोटो पडायचा. आधी त्यांच्या वडिलांचा फोटो आला. मग त्यांचा स्वतःचा, फेट्यातला. मग गिरणीचा, पुतण्याचा, आणि शेवटी शिट्टी होत असलेल्या कुकरचा. योगीराजने निमूटपणे सगळं बसवलं आणि पडद्याकडे बघितलं. आता फक्त मोर राहिला होता. त्याला खरोखर रडू आलं. मग रागही आला, आणि तो उठून थेट गिरणीवर गेला.

हणमंतराव अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते.

"अण्णा," योगीराज म्हणाला, "वढ्याकडचं काळं रान पावसाळ्यात पड कामून ठेवताव?"

"जवारीसाठी. पावसाळ्यातबी पेरलं तर जवारीला काय राहतंय?"

"रान तर आख्खं तुमचंच हाय की."

अडकित्ता थांबला. पोरगं कुठून कुठं आलं हे हणमंतरावांना कळलं, पण ते व्यापारी माणूस, असे सहज हरणारे नव्हते. "पडीक रानात तुझ्या बापाची मेंढरं बसायची," ते म्हणाले. "खत पडायचं. तुझ्या ह्या पाकिटाच्या रानात कोण बसणार हाय?"

"बसंल की कोणतरी," योगीराज म्हणाला.

हणमंतराव पोट धरून हसले. "बरं. एक खेप तुझ्या मनासारखी छापू. न्हाई बसलं कोण, तर पुढच्या खेपंला फेटा, कुकर, समदं आलं पाहिजे."

पाकिटं छापून आली. गावाने विचारलं, शाई संपली होती का? हणमंतराव प्रत्येकाला सांगत, "पिराप्पाच्या पोराचं काम हाय, त्यालाच इचारा." योगीराज गिरणीचा रस्ता टाळून लांबून घरी जाऊ लागला. आपलंच खूळ आपल्याला भोवलं, असं त्याला वाटायला लागलं होतं.

मग हणमंतरावांच्या बायकोला, शकुबाईंना बिदरच्या नौबाद भागात लेकीकडे डाळ पाठवायची होती. बसमधून पाठवायची म्हणजे नाव पाहिजे, नाहीतर उतरवून घेताना गोंधळ. एरवी त्या चिठ्ठी लिहून दोऱ्याने बांधायच्या. आता पाकिटावर एवढी जागा मोकळी बघून त्यांनी मार्करने तिथेच लिहिलं, 'रूपा, नौबाद. शिजायला वेळ लागत नाही, उगं पाणी जास्त घालू नको.' स्टँडवर चार बायकांनी ते वाचलं. दुसऱ्या दिवशी एक बाई गिरणीवर आली, "नाव लिहायचं पाकीट हाय का?" तिचा मुलगा पुण्याला होता. कमलनगरात ज्याचं कुणी बाहेर नाही असं घर शोधावं लागेल. हणमंतरावांनी मार्कर दोरीने बांधून काउंटरला लटकवला.

एके दिवशी ते धापा टाकत जिना चढले आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं. मोकळ्या जागेत त्यांचं अक्षर होतं, वाकडं, उतरत गेलेलं: 'पिराप्पाच्या लेकाला.'

"बसली बघ मेंढरं," ते म्हणाले आणि चहा न घेताच उतरले.

डिझाइनच्या कुठल्याही नियमात ते अक्षर बसत नव्हतं. योगीराजने पाकिटाचा फोटो काढला आणि 'माझी कामं' या पानावर लावला. संध्याकाळी फोन वाजला.

"योगीराज, जेवलास का? वेबसाइट बघितली. माझं अक्षर लई बारीक दिसायलंय. जरा मोठं कर."

योगीराजने ते मोठं केलं. तीन वर्षांत गिऱ्हाइकाने सांगितलेला हा पहिलाच बदल त्याने मनापासून केला.