'येतो' म्हणल्याबिगर

परभणीत स्टेशन रोडला त्याचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. सगळे त्याला भाऊच म्हणायचे. नाव मी कधी विचारलं नाही. मी पत्रकारितेचा विद्यार्थी. गाणी कशी चित्रित करतात ते बघून स्वतःचं एक गाणं आखायचं, असं काम सरांनी दिलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भाऊ मला दुकानातल्या टीव्हीवर गाणी लावून द्यायचा.

मी कॅमेरा कुठं ठेवलाय ते बघायचो. तो भलतंच बघायचा. पडद्यावर कुणी घर सोडून निघालं की त्याचं डोकं फिरायचं. "गेलं की बेनं! येतो म्हणावं का न्हाई?" मग कॅसेट मागं घेऊन पुन्हा बघायचा, जणू या खेपेला तरी पडद्यावरचा माणूस 'येतो' म्हणेल.

माझ्या गाण्याच्या शेवटी एक एकटा माणूस दाराला कुलूप लावून निघून जातो. तालमीला मी भाऊलाच उभं केलं. त्यानं शटर ओढलं, कुलूप हिसडून पाहिलं आणि बंद शटरकडं बघत हळूच म्हणाला, "येतो."

मला हसू आलं. "भाऊ, आत कुणीच न्हाई. कुणाला सांगायलाव?"

"रोजच म्हणतो की," तो म्हणाला. "जातो कसं म्हणावं?"

आणि सायकल हातात धरून चालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना मी भाड्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि तोंडातून 'येतो' निघून गेलं. आतून कुणी 'ये' म्हणतंय का, म्हणून मी जरा थांबलोसुद्धा.