नबीसाबांच्या चेहऱ्याचा शायर

जुळे सोलापुरातले नबीसाब गाद्यावाले कधी कुणावर रुसल्याचं आम्ही शेजाऱ्यांनी पाहिलेलं नाही. पिंजताना कापूस नाकातोंडात जातो, गिऱ्हाईक नवी गादी टोचते म्हणून परत आणतं, तरी हा माणूस आपला हसतोच. आणि त्यांच्या घराण्यातला नामांकित पुरुष कोण, तर दोनशे वर्षांपूर्वीचा उर्दू शायर ‘नाराज’!

भर मैफिलीत या शायराची गझल रंगात आली असताना कुणीतरी विडा मागितला. शायर उठला, तो थेट सोलापुरात येऊन थांबला. कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून जन्मभर वाट पाहिली. कुणी आलं नाही. त्यावर लिहिलेला एक शेर तेवढा मागं राहिला:

उठ के आए बज़्म से हम, कोई आया तक नहीं
रूठने का फ़न हमारा कोई समझा तक नहीं

म्हणजे मैफिलीतून उठून आलो, मागं कुणी आलंसुद्धा नाही. रुसण्याची आमची कला कुणाला कळलीच नाही.

या एका शेरापायी निवृत्त शिक्षक गुरुशांत सर म्हातारपणी उर्दू शिकले आणि त्यांनी शायराची स्मृती समिती काढली. स्मृतिदिनाला तसबीर हवी होती, पण शायराचं चित्र कुठंच मिळेना. सर सरळ नबीसाबांच्या दुकानात आले.

“तुम्ही वंशज. चेहरा तोच असणार की!”

नबीसाबांनी दाढी वाढवली, शाल पांघरली आणि ते घरीच बसू पेंटरपुढं बसले. बसू आजवर दुकानांच्या पाट्या नाहीतर कुस्त्यांचे फलक रंगवायचा. त्यामुळं शायराची मान पैलवानाची झाली. पण खरी अडचण वेगळीच होती.

“चाचा, जरा नाराज व्हा की,” बसू म्हणाला.

नबीसाबांनी भुवया आवळल्या आणि लगेच फिस्सकन हसले. दुपार झाली तरी तेच. शेवटी त्यांची बायको झीनत सैपाकघरातून ओरडली, “अजी, तुमच्या वाटणीची खीर मी सकाळीच शेजारी दिऊन टाकली!”

नबीसाबांचा चेहरा खर्रकन उतरला. डोळ्यांत पाणी तरारलं. बसूनं तेवढ्यात डोळे रंगवून घेतले.

स्मृतिदिनाला पाहुणे वक्ते तसबिरीकडं बोट दाखवून म्हणाले, “या डोळ्यांतली वेदना बघा! एक अख्खं युग बुडाल्याचं हे दुःख आहे!” पहिल्या रांगेत झीनतनं पदर तोंडात कोंबला. नबीसाबांनी मात्र जोरात मान डोलावली. खीर खरंच चांगली झाली होती, आम्ही शेजाऱ्यांनीच ती खाल्ली होती.

मग तसबिरीला हार घातला, उदबत्ती लावली. कुणीतरी फोटो काढला, खाली ‘विनम्र अभिवादन’ लिहिलं आणि व्हॉट्सॲपवर सोडून दिला. संध्याकाळपर्यंत तो वैरागला नबीसाबांच्या थोरल्या बहिणीच्या, माजिदाच्या मोबाइलवर पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नबीसाब आरशापुढं दाढी उतरवत होते. अर्धी उतरली होती. एवढ्यात दारात जीप थांबली आणि रडण्याचा कल्लोळ उठला. गालाला साबण तसाच ठेवून ते बाहेर धावले.

“काय झालं आपा? कोण गेलं?”

माजिदाआपानं हंबरडा मधेच थांबवला. भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“जिता हाय व्हय रं तू?”

“व्हय की.”

आपानं हातातली पिशवी त्यांच्या पाठीत हाणली. “वैरागपास्नं रडत आले मी! मोहोळच्या पावण्यांस्नी सांगून बसले! आता त्यांस्नी काय सांगू?”

“सांग, बरं वाटाय लागलंय,” नबीसाब म्हणाले. दुसरी पिशवीही बसली.

जीपभर माणसं जेवली. दुपारी आपा तसबीर बघायला निघाली. समितीच्या हॉलमध्ये ती चित्राच्या अगदी जवळ गेली. “आमच्या अब्बांचंच तोंड हाय,” ती हळूच म्हणाली. मग एकदम सरांकडं वळली.

“हार काढा. जित्या माणसाच्या गळ्यात हे असलं चालायचं न्हाय.”

“अहो बाई, शायर वारलेत,” सर काकुळतीला आले.

“शायर वारला आसंल. त्वांड माज्या भावाचं हाय.”

अखेर सरांनी हार काढून तसबिरीखालच्या, शेर लिहिलेल्या पाटीला घातला. तेव्हापासून दर स्मृतिदिनाला हार पाटीलाच पडतो. यंदा बाहेरगावचे एक प्राध्यापक आले होते. ते भाषणात म्हणाले की आपल्या चेहऱ्याला नव्हे, शब्दांना मान द्या, अशी या थोर शायराची अंतिम इच्छा होती. टाळ्यांचा कडकडाट झाला.

चहाच्या वेळी त्यांनी नबीसाबांना गाठलं. “तुमच्या घराण्यात ही परंपरा जुनी असेल ना?”

“लई जुनी,” नबीसाब म्हणाले. “आमच्या आपाच्या काळापास्नं.”