आमच्या गाडीत संडास होता
मुलाने भाड्याने आणलेली कॅराव्हॅन आमच्या गोडदेवच्या गल्लीत शिरेना, म्हणून ती मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी केली आणि अर्धी बिल्डिंग बघायला खाली उतरली. चार दिवस लेणी आणि किल्ले, मुक्काम गाडीतच, असा बेत होता. मुलगा सगळ्यांना पलंग उघडून दाखवत होता, आमचे हे फ्रिजमध्ये डोकं घालून बसले होते. शेजारच्या गुजराती भाभी म्हणाल्या, "इसमें तो पूरा घर है, बहन." मी मात्र सरळ मागचं छोटं दार उघडलं, आत जाऊन कडी लावली आणि फ्लश दोनदा दाबून पाहिला. पाणी आलं. मला इतका आनंद झाला की तिथेच उभी राहून मी एकटीच हसले.

कारण सांगते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि ह्यांना किल्ल्यांचं वेड पहिल्यापासून. दर हिवाळ्यात कुठला ना कुठला किल्ला ठरलेला. मी आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करायचे, तरी पायथ्याशी पोचेपर्यंत जीव कासावीस व्हायचा. पुरुषांचं बरं असतं, झाडामागे गेलं की झालं. बाईला अर्ध्या चढणीवर वेळ आली तर तिने काय करायचं? मग मी म्हणायचे, "तुम्ही जाऊन या, मी बसते खाली." लाजेपायी खरं कारण कधी सांगितलं नाही. हे चार लोकांत हसत सांगायचे, "आमच्या हिला इतिहासात रस नाही." ते ऐकून दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि दर वेळी मी गप्प बसायचे. ह्या खेपेला वर जायचंच, आणि तेही ह्यांच्या आधी, असं मी पक्कं ठरवलं होतं.

घोडबंदर रोड संपायच्या आत मी पाण्याची अर्धी बाटली रिकामी केली. ठाण्याला शहाळं प्यायले, पुढे घाटात चहा, तोही दोन कप. "आई, आज काय चाललंय तुझं?" मुलाने आरशातून विचारलं. तहान लागलीय म्हटलं. त्या दिवशी कार्ल्याची लेणी मी अशी पाहिली की हे दमून खाली बसले, तरी मी मान वर करून छताच्या लाकडी कमानी बघतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलो. किल्ल्याचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना उगाच वाईट वाटेल. बायकांनी भरलेली एक छोटी बस आमच्या पुढेच येऊन थांबली होती. तिथल्या शौचालयाला कुलूप, आणि चावीवाला गावात गेलेला. वीसेक बायका इकडेतिकडे बघत उभ्या होत्या. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची. मी तोवर चार पायऱ्या चढलेही होते. तशीच मागे फिरले.

"या गं सगळ्या, आमच्या गाडीत संडास आहे," मी हाक मारली.

रांग लागली. मी दाराशी उभी राहून एकेकीला आत सोडू लागले. "अगं, ऊन चढतंय. नंतर तुलाच झेपणार नाही," हे घड्याळ बघत म्हणाले. मुलगा म्हणाला, "आई, टाकी संपत आलीय." संपली तर भरू, मी म्हटलं खरं, पण मनात धाकधूक होती. ह्याही वेळी खालूनच परत जावं लागलं तर?

सगळ्यात शेवटी नऊवारीतली एक म्हातारी बाहेर आली आणि तिने माझा हात धरला. "बाई, तिसऱ्यांदा आले मी हितं. दर खेपेला खालीच बसून ऱ्हायले. आज वर जाते बघा." हे शेजारीच उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घड्याळाचा हात खाली केला.

आम्ही चढायला लागलो. ऊन चांगलंच तापलं होतं, पण मला पायऱ्या लागतच नव्हत्या.  एका वळणावर हे थांबले.

"रायगडाला तू खाली बसलीस, ते ह्यासाठी?"

"हो."

"आणि शिवनेरीला?"

"तिथेही."

"प्रतापगड?"

"सगळीकडे, अहो."

ते पायरीवर बसले. म्हणाले, "मला आपलं वाटायचं, तुला इतिहासात रस नाही."

"तुम्ही वर असायचात तेवढ्या वेळात मी खाली काय करत होते असं वाटलं तुम्हाला?" मी म्हटलं. "पायथ्याच्या दुकानात किल्ल्याची पुस्तकं मिळतात ना, ती वाचायचे. नकाशासकट."

मी हात देऊन त्यांना उठवलं. पहिल्या दरवाजापासून पुढचा सगळा किल्ला त्यांना मी दाखवला.