येऊन राहिलो

माझं विमान रद्द झालं नव्हतं. ते ठरल्या दिवशी उडालं आणि माझ्या जागेवर दुसराच कोणी माणूस बसून आपल्या घरी पोचला. जागा मी स्वतः सोडली होती, दुपारचं जेवण झाल्यावर, पूर्ण शुद्धीत. घरी मात्र सांगितलं की रद्द झालं. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो, आणि माझ्या वतीनं माझी बहीण इतक्या लोकांपुढे बोलली, की आमच्या नात्यागोत्यात ते आता घडलेली गोष्ट म्हणूनच चालतं. म्हणून आधी एवढं लिहून टाकतो.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, शहापूरवरून आत. घरात पूर्वी माग होता. बाबांनी तो माझ्या लहानपणीच बंद केला आणि सायकलला लुगडी-चादरींचा गठ्ठा बांधून जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये विकत फिरू लागले. मी एसी-फ्रिजचं काम शिकलो आणि आखातात गेलो. बायको आणि मुलगा नागपुरात, त्याच्या शिक्षणासाठी भाड्याच्या खोलीत. आई आधीच गेलेली. गावात बाबा एकटे, आणि भिंतीला भिंत लागून काकांचं घर. मोठी बहीण सानगडीला दिलेली. तिच्या घरी धानाची शेती आणि बाजारात किराण्याचं दुकान. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणतो.

तिकडे खोलीत आम्ही सहा जण होतो. त्यांतल्या एका साताऱ्याच्या माणसाला माझं फोनवरचं बोलणं ऐकून फार मजा वाटायची.

"येऊन राहिलो म्हणजे काय हो? आलात आणि राहिलात?"

"नाही. येतोय."

"मग येतोय म्हणा की. राहताय कशाला?"

मी त्याला सांगितलं की आमच्याकडे जेवून राहिलो, झोपून राहिलो, पाऊस येऊन राहिला, सगळं असंच. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडं मरणारा माणूसबी राहतोच."

या शब्दावरची खरी चेष्टा बाबांची होती. गावात कोणाला हाक मारली आणि त्यानं लांबून "येऊन राहिलो" म्हटलं, की बाबा सांगायचे, "झालं. म्हणजे खाटेवरच हाये अजून. जो खरंच निघाला, त्याले सांगाले टाइम कोठी रायते?" आम्ही हसायचो. कारण ते खरं होतं. भंडारा जिल्ह्यातला प्रत्येक माणूस चपला शोधण्याआधी येऊन राहिलेला असतो.

कोरोना आला तेव्हा आमच्या कंपनीची कामं एकेक करून बंद पडली. आधी पगार अर्धा झाला, मग नुसतं जेवण उरलं. शेजारच्या खोलीतल्या एकाला रुग्णवाहिकेतून नेलं. त्याची गादी कोणी उचलेना, म्हणून ती तशीच पडून राहिली, उशीवर डोक्याचा खळगा. परतीच्या विमानासाठी मी दूतावासाकडे नाव दिलं होतं. एके सकाळी फोन आला, तुमची जागा झाली. मी ताबडतोब बाबांना फोन लावला.

"बाबा, येऊन राहिलो."

ते म्हणाले, "ये बापू. शाळेत ठेवतेत म्हणते बाहेरच्याले. मी पाहून ठेवतो सगळं."

तेव्हा ते खोटं नव्हतं. खोटं दुसऱ्या दिवशी झालं. कॅम्पचा मॅनेजर खोल्या-खोल्यांतून फिरला आणि दारात उभा राहून सांगून गेला, "जाना है तो जाओ. लेकिन जो गया वो गया. काम खुलेगा तो जो इधर है, पहले उसको बुलाएंगे." साताऱ्याचा माणूस बॅग भरतच होता. म्हणाला, "चला की. निदान घरची भाकरी तरी खाऊ." मी नागपूरला बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. मुलाची फी होती, गावातल्या घराचा स्लॅब अर्धा होता, ही कारणं मी तिला दिली आणि ती खरीही होती. पण त्यांच्या खाली आणखी एक कारण होतं, ते तिलाही सांगितलं नाही. मला गावात रिकामा परत जायचं नव्हतं. सुट्टीवर आलो की चौकातले लोक खुर्ची देत, "काय म्हणते दुबई?" असं विचारत. मी दुबईत नव्हतोच, पण त्यांच्यासाठी सगळं दुबईच. ती खुर्ची मला सोडवेना. मी जागा सोडली.

त्यानंतर मी बाबांना फोनच केला नाही. तिकडे गावात काय चाललं होतं ते मला पुढे बाईकडून कळलं. बाहेरून येणाऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं ठरलं होतं. बाबांनी सरपंचाकडून एका वर्गाची किल्ली घेतली, वर्ग झाडला, धुतला. आपली खाट तिथे नेली आणि स्वतः घरी जमिनीवर झोपू लागले. मच्छरदाणी बांधली. एक नवा माठ आणून ठेवला. रोज सायंकाळी जाऊन ते माठातलं शिळं पाणी झाडांना घालत आणि ताजं भरत. म्हणजे मी अवेळी आलो तरी पाणी ताजं असावं.

गावानं त्यांना वाळीतच टाकल्यासारखं केलं. दुकानदार सामान ओट्यावर ठेवून आत जायचा. पोरं मागून ओरडायची, "बुढ्यानं इमानानं करोना मांगवला!" बाबा उलट त्यांना सांगायचे, "अरे, येऊ त द्या आधी."

शेवटी त्यांनीच फोन केला.

"कोठवर आला?"

"बाबा, विमान रद्द झालं."

"इमान रद्द झालं?" विमानाला ते इमानच म्हणत. त्या दिवशी तो शब्द मला जसा ऐकू यायला हवा होता तसाच ऐकू आला. "पूरंच रद्द झालं, का पुढं ढकललं?"

मी म्हणालो, "पुढं."

"मंग त तू येऊनच राहिला."

आयुष्यभर ज्यांनी त्या शब्दाची टर उडवली, त्यांनीच तो उचलून माझ्या हातात दिला. मी तो घेतला. म्हणालो, "हो बाबा. येऊन राहिलो."

त्या दिवसांत हायवेवरून छत्तीसगडकडचे मजूर पायी चालले होते, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. बाबा त्यांना पाणी द्यायला शहापूरपर्यंत जात. एकदा बाईला फोनवर म्हणाले, "हे बिचारे पायी येऊन रायले वं, आन माह्या पोराले इमान भेटत नाही." बाईनं हे मला मोठ्या मायेनं सांगितलं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

पावसाळ्यात शाळेचं छत गळू लागलं तेव्हा बाबांनी खाट परत आणली. माठ तिथेच राहिला.

कंपनीचं काम अर्धवट सुरू झालं, पुन्हा बंद पडलं, पुन्हा सुरू होणार असं म्हणत राहिले. दुसरी लाट आली आणि बाबा आजारी पडले. बाई भाऊजींच्या मोटरसायकलवर सानगडीहून आली, काकांनी कोणाची तरी गाडी मिळवली, आणि तिघांनी मिळून बाबांना भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. तेव्हा आखातातून भारतात जाणारी विमानं होती. भारतातून परत येणं मात्र बंद होतं. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न होता आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. बाईला म्हणालो, तिकीट पाहून राहिलो, भेटत नाही. तिनं ते बाबांच्या कानाशी जोरात ओरडून सांगितलं, कारण ऑक्सिजनच्या आवाजात त्यांना ऐकू येत नव्हतं. "बाबा, तो येऊन राहिला! टिकट पाहून राहिला!"

मी ते फोनवर ऐकलं. माझं खोटं तिच्या तोंडून मोठ्या आवाजात.

बाबा गेले. अग्नी बाईनं दिला, लांबून, अंगभर ते प्लास्टिकचं घालून.

तेरवीला कोणीतरी फोन एका लोट्याला टेकवून ठेवला होता, म्हणजे मलाही पंगत दिसावी. मला दिसत होता फक्त काकांचा अर्धा खांदा आणि ताट. कोणीतरी म्हणालं, पोराले येता आलं नाही, वाईट झालं. काका घास मोडत म्हणाले, "यायचंच नव्हतं त्याले. इमानं त सुरूच होते. आपल्या शहापूरचा ड्रायवरचा पोरगा आला नाही काय तिकडूनच?"

बाईचा आवाज आला. "काका, ज्याच्यावर बोलून रायले त्याच्याच बापाचं जेवून रायले तुम्ही. हात धुवा आन निघा."

"मी खोटं बोललो काय?"

"उठा म्हणलं ना."

खांदा उठला. ताट तसंच राहिलं. ज्या माणसानं बाबांसाठी गाडी आणली होती, त्याला बाबांच्या तेरवीच्या ताटावरून उठवलं गेलं, खरं बोलला म्हणून. मी फोनवर होतो. एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. मला ऐकूच आलं नाही असं दाखवायला "हॅलो, आवाज येत नाही" म्हणालो आणि फोन बंद केला.

ज्या नोकरीसाठी हे सगळं केलं ती त्याच वर्षी गेली. मी परत आलो, आता जवाहरनगरच्या रस्त्यावर एसी-फ्रिज दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. खुर्ची मीच विकत घेतली आहे. त्या तेरवीपासून बाईनं काकांच्या घरी पाय ठेवला नव्हता. गावी आली तरी त्यांच्या अंगणाकडे पाठ करून बसायची. मला हे दर वेळी दिसत होतं. मी म्हणत असे, जाऊ दे ना बाई, जुनं झालं. ती म्हणायची, "तुले जाऊ देता येते. तू साधा हायेस."

मागच्या दिवाळीनंतर सानगडीच्या मंडईला गेलो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि त्या दिवशी त्या गावातलं प्रत्येक घर पाहुण्यांनी भरून जातं. बाई कढईतून वडे काढत होती आणि तिच्या नणदेच्या सासरच्यांना माझी ओळख करून देत होती. "हा माहा भाऊ. याचंच इमान रद्द झालं होतं. नाही त बापाच्या आखरीले हजर असता." त्या बाया चुकचुकल्या. एकीनं मला वडा जास्त वाढला. मी तो खाल्ला.

तेवढ्यात भाऊजी एक लग्नपत्रिका घेऊन आत आले. काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न. काकांनी पत्रिका स्वतः पाठवली होती, निरोपासकट: झालं गेलं सोड, पोरीची बहीण म्हणून ये, हळद तुझ्या हातानं लागू दे.

बाईनं पत्रिकेकडे पाहिलंही नाही. झारा कढईवर आपटत म्हणाली, "ज्यानं माह्या भावाले खोटं ठरवलं, त्याच्या मांडवात मी जाऊ? सांगा त्यायले, माफी मांगा आधी. मंग हळद."

भाऊजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "समजवा तुमच्या बाईले."

मी तिला मागच्या अंगणात बोलावलं. तिचे हात पिठाचे होते, ते तिनं पुसलेही नाहीत, घाईत होती. मी सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. एवढंच सांगितलं की विमान उडालं होतं, जागा माझी होती आणि मी ती सोडली होती, आणि दुसऱ्या वेळी मी तिकीट पाहिलंच नव्हतं.

तिला आधी कळलंच नाही. "कोणतं इमान?" म्हणाली. मग कळलं. ती धुण्याच्या दगडावर बसली आणि हाताचं वाळलेलं पीठ नखानं खरवडू लागली.

"मी त्यायच्या कानात ओरडून सांगतलं," ती म्हणाली. "येऊन रायला म्हणून. त्यायनं मान हलवली. हासल्यासारखं केलं. मले वाटलं, खूश झाले."

 बाबांची ती 'खाटेवरच हाये अजून'ची जुनी चेष्टा आम्हा दोघांनाही पाठ होती.

"काहून सांगून रायला आता? आखरीपर्यंत सांगतलं नसतं त काय झालं असतं?"

"तू लग्नाले नसती गेली."

"मी काकाले ताटावरून उठवलं, बापू. भरल्या ताटावरून."

मी माफ कर म्हणू लागलो तर तिनं पिठाचा हात वर केला. "मले नको. आधी त्यायले." मी खिशातून फोन काढला. ती इतक्या जोरात ओरडली की आतल्या बाया दारात आल्या. "फोन करू नको! येऊन राहिलो म्हणशीन आन इथंच बसशीन. चाल. आत्ता."

कढई नणदेच्या हवाली करून, पाहुणे तसेच टाकून ती माझ्या मोटरसायकलवर बसली. मंडईच्या दिवशी घरची बाई घर सोडून गेली याचा बोल तिला वर्षभर ऐकावा लागणार होता, आणि तोही माझ्यामुळेच. साकोली गेली, लाखनी गेली, हायवेवर ट्रक अंगावरून जात राहिले. तिनं माझ्या खांद्यावर हातही ठेवला नाही, मागची कडी धरून बसली होती.

काकांच्या अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. काका खाटेवर सुतळी उकलत बसले होते. आधी त्यांनी बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"या, दुबईवाले. इमान भेटलं काय आज?"

बाई माझ्या बाजूला सरकून उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी चपला काढल्या. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत आलो होतो, त्यातलं काहीच कामी आलं नाही.

"काका, माझं विमान रद्द झालं नव्हतं. मी आलो नाही. तुम्ही तेरवीले बोलले ते खरं होतं. मी फोनवर ऐकून राहिलो होतो आन गप्प बसलो. बाईनं तुम्हाले ताटावरून उठवलं ते माझ्या खोट्यापायी. मले माफ करा. बाई, तू पण माफ कर. बाबाले मी येऊन राहिलो म्हणलं होतं, आन तुह्या तोंडूनही म्हणवलं. मी येऊन नव्हतो राहिलो."