वाइंडिंगवाले अण्णा

वाइंडिंगवाले अण्णा बिघडलेल्या संगणकाकडे आधी बघतच नसत. ते आधी माणसांकडे बघत. पिशवी टेबलावर ठेवायची, चष्मा पुसायचा आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "काल काय केलं?" आमच्या शाळेत याचं उत्तर ठरलेलं होतं: काही नाही. मुख्याध्यापकांनी काही केलेलं नसायचं, शिक्षकांनीही नसायचं. मी तर शाळेची लिपिक. मी केलेलं सगळं वहीत तारखेनिशी असायचं, त्यामुळे मला कोणी विचारतच नसे.

अण्णांची उमेदीची वर्षं जुन्नरला, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळण्यात गेली. संगणक ते पन्नाशीनंतर शिकले, पण निदानाची पद्धत मोटारीचीच राहिली. "मोटार जळती तवा बी कुणी काय केलेलं नसतं," ते म्हणत. "ती आपली हौस म्हणून जळती."

काम होईपर्यंत ते चहा घेत नसत. चहा घेतला की आपण पावणं होतो आणि पावण्याला खरं कोणी सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापकांना हा अपमान वाटे. ते दर वेळी चहा मागवत आणि दर वेळी स्वतःच पीत.

शाळेच्या संगणकावर फुकटातली लिनक्स प्रणाली अण्णांनीच बसवून दिली होती. तिचा कर्नल, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा गाभा, अधूनमधून अपडेट होतो. नवा आला तरी जुना ठेवायचा, हा अण्णांचा नियम. नवा अडला तर जुन्यावर मशीन सुरू करता येतं. मी तो नियम वहीत तांबड्या शाईने लिहून घेतला होता.

तरीही दहावीचे परीक्षा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मशीन सुरू झालं नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या आणि तिथेच थांबल्या. आमची शाळा कळंबजवळ, पण वसतिगृहातली निम्मी मुलं तळेघरकडची. ती दिवाळीला घरी गेलेली. त्यांचे फोटो, सह्या, सगळं त्या मशीनमध्ये. तिकडे एसटी मोजक्याच, फोनला रेंज नाही. संध्याकाळपर्यंत अर्ज गेले नाहीत, तर मुलांचं वर्ष गेलं.

अण्णा येईपर्यंत मुख्याध्यापकांनी तातडीची बैठक घेतली. इंग्रजीच्या सरांनी पडद्यावरच्या ओळींत 'पॅनिक' हा शब्द वाचून यंत्र घाबरलं असल्याचं सांगितलं. एकाने खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू आत गेल्याची शंका काढली. दुसऱ्याने टेबलाचं तोंड दक्षिणेला असल्याचं दाखवून दिलं. टेबल फिरवण्याचा ठराव झाला, अनुमोदन मिळालं, टेबल फिरलं. मशीनवर परिणाम झाला नाही.

अण्णा आले. प्रश्न झाला, उत्तरं झाली. त्यांनी मशीन सुरू करताना कर्नल निवडायची यादी उघडली, तर तिच्यात एकच कर्नल, तोही न चालणारा.

"जुना कुठंय?" अण्णांनी विचारलं.

"हे बघा राव, डिस्क गेली असंल तर जुन्नरला न्यावी लागंल. मंग आज काय व्हायचं न्हाई. कुणी हातानं पुसलं असंल, तर तासाभराचं काम हाय."

मुख्याध्यापक म्हणाले, डिस्कच गेली असणार. ऑफिस बाईंच्या, म्हणजे माझ्या ताब्यात आहे, तिथे असा गलथानपणा होणं शक्य नाही.

मला माहीत होतं. आदल्या दिवशी अपडेट चालू असताना जागा संपल्याचा संदेश आला होता. अण्णांनी अडीअडचणीला म्हणून दिलेला पासवर्ड वापरून मी नावात जुने आकडे असलेल्या फायली, म्हणजे जुना कर्नलच, पुसल्या आणि जागा स्वच्छ झाल्याचं समाधान मानून घरी गेले. वहीत तेवढंच लिहिलं नव्हतं.

"मी पुसलं," मी म्हणाले.

मुख्याध्यापकांचा कप बशीवर वाजला. अण्णांनी मात्र सुस्कारा सोडला. "मंग डिस्क शाबूत हाय. लई बरं झालं, ताई." त्यांनी पेनड्राइव्ह काढला, त्यावरून मशीन सुरू केलं, जागा मोकळी केली आणि अर्धवट राहिलेला कर्नल पुन्हा बसवला. दुपारी तीनला मशीन उठलं. सहाच्या आत शेवटचा अर्ज गेला. कामाच्या चिठ्ठीवर अण्णांनी कारण लिहिलं: 'अपडेट अर्धवट'. माझं नाव लिहा, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "चिठ्ठी मशीनची हाय."

त्या हिवाळ्यात त्यांना पडद्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली. जुन्नरचं दुकान बंद करून ते मुलीकडे मंचरला गेले. मार्चमध्ये पहिल्या पेपरच्या दिवशी त्यांचा फोन आला. "समदी पोरं बसली का?" मी सांगितलं, सगळी बसली. "बरं," म्हणाले, आणि ठेवून दिला.

निकाल लागला तेव्हा कळवायला मी फोन केला. मुलीने उचलला. अण्णा जाऊन आठ दिवस झाले होते. मी तळेघरकडच्या पास झालेल्या मुलांची नावं एकेक करून तिला वाचून दाखवली. तिने ती सगळी ऐकून घेतली.