पांढऱ्या भिंतीसमोरची जागा

बाबांचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या कॉलेजात पुठ्ठा कापत होते. "मोठेबाबा गेले," एवढंच ते बोलले. हातात संग्रहालयाच्या मॉडेलचं छप्पर होतं… ते कुठे ठेवावं, हेच मला कितीतरी वेळ सुचेना.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, डोमाजी. कोंढा गावाजवळच्या तलावात त्यांनी जन्मभर मासे धरले. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आर्किटेक्चर म्हणजे नेमकं काय शिकते, हे घरात फक्त त्यांनीच विचारलं. शेवटच्या वर्षासाठी मी नागपूर शहरातलं आधुनिक कलेचं संग्रहालय आखत होते. उन्हाळ्यात त्याचं मॉडेल घरी नेलं. छतभर काच होती, आणि मला तिचा फार अभिमान होता. मोठेबाबांनी वाकून आत पाहिलं.

"हे चित्रं पाहाची जागा हाये का मोहफुलं वाळवाची वं?"

सगळे हसले. मी रुसून म्हटलं, "आत उजेड नको का?"

"उजेड पाह्यजे. ऊन कायले पाह्यजे? चाल, दाखवतो."

घरामागच्या पडवीत, सावलीत बसून ते जाळं दुरुस्त करायचे. समोर गोठ्याची भिंत. दरवर्षी पावसाळा सरला की ते स्वतः ती छुईच्या पांढऱ्या मातीनं सारवत. ऊन त्या भिंतीवर पडायचं आणि तिथून मऊ होऊन जाळ्यावर यायचं. "उन्हात डोये दिपते, छेद दिसत नाही. पह्यले भिंतीले ऊन खाऊ दे, पोरी."

मी काच काढली. आता ऊन आधी एका पांढऱ्या भिंतीवर पडतं, मग चित्रांवर. पहिल्या फेरीत परीक्षक सरांना ते आवडलं. कसं सुचलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "पुस्तकात वाचलं, सर." मासे धरणाऱ्या माणसाचं नाव त्या खोलीत घ्यायला माझी जीभ उचलली नाही… संध्याकाळी मोठेबाबांनी फोनवर हसत विचारलं, "सायबाले माहं नाव सांगतलं का नाही?" मी म्हटलं, "सांगितलं."

तेरवीला त्यांचे तलावावरचे सोबती मला म्हणाले, "तुह्या मोठ्या बापाचं नाव नागपुरात घेतलं म्हणे तू. तलावाच्या साऱ्या पाळीवर सांगत फिरत होता." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, रडते आहे.

पुढच्या महिन्यात शेवटची परीक्षा आहे. नकाशाच्या पहिल्या पानावर मी त्यांचं नाव लिहिलं आहे. या वेळी ते मोठ्यानं सांगणार आहे.

मागच्या रविवारी गावी गेले. पावसानं भिंतीची माती धुऊन नेली होती आणि पडवी अंधारली होती. छुई भिजवून मी भिंत सारवली. सारवण ओबडधोबड झालं. मग त्यांच्या जागेवर बसले. खुंटीवरचं अर्धवट जाळं मांडीवर घेतलं, सुई त्यातच अडकलेली होती. माती वाळत गेली तसा उजेड वाढत गेला. एकेक छेद स्पष्ट दिसायला लागला… विणता मात्र मला येत नाही.